शब्दकोड्यात 'पानगळीचा ऋतू' (३ घरं) आणि 'चौदा ओळींची कविता' (३ घरं), काय येईल?

पहिलं शिशिर. बरेच जण ऑटम म्हणजे शरद असं डोक्यात धरून शरद लिहून मोकळे होतात आणि घरंही तीनच असल्यामुळे ते बसतंसुद्धा, पण शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागिरीचं टिपूर चांदणं, आपल्याकडे पानं गळतात ती माघ-फाल्गुनात. शेवटचं घर बघा, उभ्या शब्दातून 'र' येतोय की 'द', लगेच कळेल.

दुसरं सुनीत, म्हणजे सॉनेट, केशवसुतांनी मराठीत आणलं ते. आणि कवितेचं दोन घरांचं आलं तर ओवी किंवा आर्या, क्ल्यूमध्ये मोरोपंत असले की डोळे झाकून आर्या. जोडाक्षर एकाच घरात हां, मी कितीदा 'र्‍या'ला दोन घरं देऊन खोडाखोड केलीय 😅