काटोलहून डोळ्याचा फोटो पाठवून नागपूरच्या डॉक्टरांकडून निदान होईल का?

साधे डोळे येणे, रांजणवाडी, पापणीची सूज यांचं बऱ्याचदा होतं. फोटो मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात काढा. फोकस हमखास पापणीच्या केसांवर बसतो, म्हणून स्क्रीनवर बुबुळावर टॅप करा. समोर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघत एकेक फोटो हवा. एकेक डोळा झाकून नजर तपासा, तेही कळवा.

पण कापसाच्या झाडाची काडी किंवा संत्र्याचा काटा लागला असेल, बुबुळावर पांढरा ठिपका असेल, दुखतंय, धूसर दिसतंय, तर फोटोत वेळ घालवू नका. त्याच दिवशी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या डॉक्टरांच्या यंत्रावर, तपासणी हवी. अशा इजेतून बुबुळावर होणारी बुरशीची जखम फोटोवरून खात्रीने ओळखता येत नाही, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी ती चिघळते.