जुना ओपिनेल (फ्रेंच घडीचा चाकू) हाती आलाय? घासायची घाई नको

कार्बन स्टीलच्या पात्यावरची राखाडी-निळसर झाक म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षं सफरचंदं, कांदे कापून ती चढते, आणि लाल गंजाला थोडाफार अडसरही होते. चकचकीत करायच्या नादात तीच जाते. जुन्या चाकूचा जीव मात्र तिच्यातच असतो.

फक्त लाल, खरबरीत गंज काढा: ०००० नंबरची (अगदी बारीक) स्टील वूल, दोन थेंब मिनरल ऑइल, हलका हात. शेंगदाणा तेल नको, चिकट थर धरतं.

धारवाल्याच्या फिरत्या चाकावर तर मुळीच देऊ नका. पातं तापलं की पोलाद मऊ पडतं, मग धार टिकत नाही. धार लावायचा १००० ग्रिटचा (मध्यम बारीक) ओला दगड, साधारण २० अंशांचा कोन, दोन्ही बाजूंना सारखे हात.

बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं अडकतं. जोर लावून ओढू नका. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची चिंधी मात्र पसरून वाळवा, बोळा केलात तर आपोआप पेटू शकते.

पात्याला कुलूप घालणारी फिरती कडी १९५५ साली आली. तुमच्याकडच्या मोठ्या मापाच्या चाकूला ती नसेल, तर तो त्याआधीचा असावा; नशीबवान आहात, बोटं सांभाळा.