एफवायच्या मुलांना करिअरची ओळख कशी करून द्यावी?

मॅडम, तुमचा प्रश्न असा की धुळे जिल्ह्यातल्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या मानधनावर असताना करिअर कट्ट्याचं (कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनाच्या उपक्रमाचं) काम अंगावर पडलंय, एफवायसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी व्याख्यान ठेवायचंय, तर वक्ता म्हणून कोणाला बोलवू? माझं ऐकाल तर पहिल्या सत्रात कोणालाच बोलवू नका.

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवली आणि ११ वर्षं हेच काम सांभाळलं. सुरुवातीची तीन वर्षं मीही पुण्याचा पाहुणा, शाल, श्रीफळ, प्रोजेक्टर असंच केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय करायचं ठरलं? पोलीस भरती, एमपीएससी, बीएड. आदल्या दिवशीही हेच होतं. पोरांचं तरी काय चुकलं? गावात महिन्याला पगार घेणारी माणसं त्यांनी तेवढीच बघितलेली.

मग मुलांना घेऊन, माणसं कामं करतात ती जागाच दाखवायला आम्ही एसटीने निघालो. पहिली खेप जळगावला, केळीची टिश्यू कल्चर रोपं, म्हणजे कोंबाच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेली रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. यावल तालुक्यातली एक मुलगी सोबत होती. घरी केळीच. वडील दरवर्षी जी-नाइन जातीची रोपं विकत आणतात हे तिला ठाऊक, पण ती बनवणारं माणूस असतं आणि त्याने बॉटनीच शिकलेलं असतं, हे तिच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. काचेपलीकडे ओळीने बसलेल्या मुली चिमट्याने कोंब धरून ब्लेडने कापत होत्या. तिने तिथल्या सुपरवायझरना विचारलं, "सर, तुम्ही दिवसभर काय करता?" ते म्हणाले, "बाटल्या बघतो. जिच्यात बुरशी दिसली ती बाहेर." पोरगी परतीच्या गाडीत कंटॅमिनेशनवरच, म्हणजे बाटलीत बुरशी कशी शिरते यावरच बोलत होती. तिच्याच वर्गातला एक जण मात्र म्हणाला, "सर, आठ तास एका जागी बसणं आपल्याच्याने नाही होणार." मला हे उत्तरही तितकंच मोलाचं वाटलं. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला कळण्यापेक्षा एफवायला कळलेलं बरं, कारण नव्या शैक्षणिक धोरणात मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा विषय) लवकरच निवडावं लागतं. आपली पोरं ते कसं निवडतात हे तुम्हीही बघत असाल: मित्राने घेतलं म्हणून, नाहीतर तास सुटल्यावर गावची गाडी मिळते म्हणून.

केमिस्ट्रीवाल्यांना भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राबद्दल विचारा, म्हणतील तिथे इंजिनिअर लागतात. बॉयलरच्या पाण्याची आणि कोळशाची तपासणी केमिस्ट करतो, हे कोणी सांगितलेलंच नसतं. आर्ट्सवाल्यांसाठी तर तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान. इतिहासाची जुनी कागदपत्रं जपणारं राजवाडे संशोधन मंडळ तुमच्या धुळ्यातच आहे. इतिहासाच्या मुलांना तिथली मोडी कागदपत्रं दाखवा. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता, हेही सांगा.

आता व्यवहाराचं. एका खेपेला पंधराच मुलं न्या. पन्नास नेली की ती सहल होते. मुलींच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा, चिठ्ठीवर काम होत नाही. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण फार टिकत नाही. आधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि वर दोन फोन. एका कारखान्याने पत्र असूनही आम्हाला दोन तास गेटवर बसवलं आणि चहा पाजून परत पाठवलं. असंही होतं, मनावर घेऊ नका.

कुठेही गेलात तरी प्रश्न एकच, आणि अहिराणीत विचारला तर माणूस जास्त मोकळा बोलतो: "तुम्ही दिनभर काय करतस?" पगार पोरं आपणहून विचारतातच.

आणि बसचे पैसे जमलेच नाहीत, तर दिवाळीच्या सुट्टीत एक काम द्या. नात्यातल्या किंवा गल्लीतल्या एका कमावत्या माणसासोबत अर्धा दिवस बसायचं आणि पानभर लिहून आणायचं. आमच्या एका बीकॉमच्या पोराने दाल मिलमधल्या मामावर लिहिलं होतं. मामा मुनीम, म्हणजे वह्या लिहितो, एवढंच त्याला माहीत. निघाला टॅली, जीएसटी, ई-वे बिल सगळं करणारा. सुट्टी संपली तरी पोरगा दर रविवारी मामाकडे जाऊन बसायला लागला. मामी वैतागली म्हणे, चहा वाढला म्हणून.