परतवाड्याहून उन्हाळ्यात दर रविवारी मित्रांसोबत डोंगर चढायला जाता येईल का?

जाता येईल, मात्र विदर्भातील पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढत असल्याने चढाई पहाटे सुरू करून नऊच्या आत सावलीत परतावे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे हवा तुलनेने सुसह्य असते आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड तिथून जवळच आहे. मोहफुले पडण्याच्या दिवसांत मात्र अंधारात रानवाट धरू नये, कारण फुले वेचायला माणसांआधी अस्वले येतात. याबाबत गावकऱ्यांचे म्हणणे निमूट ऐकावे. परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून असल्याने प्रवेशाचे नियम वनविभागाकडून आधी विचारून घ्यावेत. प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखर आणि डोक्याला ओला दुपट्टा हवाच. गरगरू लागल्यास शिखराचा हट्ट सोडावा.