मासेमारी बंदीचे ६१ दिवस आणि मुलाचा कॅमेरा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हर्णैजवळ घर, यजमानांची मासेमारीची बोट, तुम्ही एकटीने उभा केलेला दोन खोल्यांचा होमस्टे. मुलगा दापोलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आता म्हणतो, कॉलेज सोडतो, समुद्र-डोंगरावरच्या डॉक्युमेंटरी करतो, फोटोग्राफी करतो, कुणाची नोकरी करणार नाही. कॅमेरा, लेन्स आणि ड्रोनसाठी त्याला चार लाख हवेत आणि त्यासाठी तुम्ही दागिने गहाण टाकायच्या विचारात आहात. त्याचे बाबा महिनाभर त्याच्याशी धड बोललेले नाहीत. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘यात पोट भरतं का, की हा नुसता नाद आहे?’

पोट भरतं. पण उशिरा भरायला लागतं, आणि पहिली तीन-चार वर्षं घराचा आधार लागतो. म्हणून दागिने गहाण टाकू नका आणि त्याला बीएस्सी सोडू देऊ नका. या दोन गोष्टींवर ठाम राहा. बाकी सगळ्यात त्याच्या बाजूने उभ्या राहा, कारण मुलाने निवडलेलं काम खरं आहे.

आधी पैशाचं बोलू. फ्रीलान्स म्हणजे महिन्याच्या एक तारखेला कुणी पगार देत नाही. या कामाबद्दल विचारायला माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी कागदावर एक हिशोब करायला लावतो. समजा घरखर्चाला महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. तीन लाखांची सामग्री चार वर्षांत जुनी होते, म्हणजे वर्षाला ७५ हजार बाजूला टाकायचे. विमा, प्रवास, हार्ड डिस्क, दुरुस्ती धरून ४५ हजार. झाले ३ लाख ६० हजार. आता वर्षात पैसे देणारे दिवस किती? कोकणात पावसाचे चार महिने बाहेरचं शूटिंग जवळजवळ बंद. एडिटिंगचे, माणसांना भेटण्याचे, वाट पाहण्याचे दिवस वजा केले तर सुरुवातीला साठ दिवस मिळाले तरी खूप. म्हणजे दिवसाला ६ हजार मिळाले तर कुठे घर चालेल. ओळखीचे लोक ‘दोन हजारांत ये ना रे’ म्हणतील तेव्हा हा कागद त्याच्या खिशात हवा. हा हिशोब त्याने स्वतः, त्याच्या आकड्यांनी करावा. बाबांसमोर बसून केला तर आणखी चांगलं. बोट चालवणाऱ्या माणसाला डिझेल, बर्फ, खलाश्यांचा वाटा आणि रिकामी आलेली फेरी कळते. त्यांना हे गणित कुणीही समजावून सांगायची गरज नाही.

डॉक्युमेंटरीचा पैसा तिकिटांतून येत नाही. एखादी संस्था, वाहिनी किंवा विद्यापीठ काम देतं, कधी अनुदान मिळतं. मुंबईत १९९० पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव डॉक्युमेंटरी, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच आहे. तिथे एकदा त्याने चार दिवस नुसतं बसून फिल्म पाहाव्यात. पण चूल पेटते ती छोट्या कामांवर: होमस्टेचे फोटो, आंबा बागायतदाराची फिल्म, एखाद्या संस्थेच्या प्रकल्पाचं चित्रण, लग्नसुद्धा. यात कमीपणा मानू नये. लग्नात पळणारा प्रकाश आणि न थांबणारी माणसं टिपायला जो शिकतो, तो बंदरावर गडबडत नाही.

आणखी एक काम तिथेच दाराशी आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात तुमच्या समोरचा सुवर्णदुर्ग आहे. चित्रीकरणाला बाहेरून माणसं येणारच. त्यांना होडी कोण देईल, ओहोटी किती वाजता, कातळावर पाय कुठे ठेवायचा, पुरातत्त्व खात्याची परवानगी कुठे मागायची, हे सांगणारा गावचा माणूस लागतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे पुस्तकात वाचून येणाऱ्याला आणि उधाण-भांग (मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस) बघत वाढलेल्याला सारखं कळत नाही. दोन वर्षं अशा टीमबरोबर सहायक म्हणून राहिला तर तो जे शिकेल, त्यासाठी एरवी फी भरावी लागली असती.

आता बीएस्सीबद्दल. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे चित्रपट शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पदवी लागते. आज कॉलेज सोडलं तर ते दार बंद होतं. शिवाय समुद्रावर काम करायचं आणि प्राणिशास्त्र शिकायला मिळतंय तर ते का सोडायचं? आंजर्ले आणि वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा शेकडो मोबाइल वर होतात. मादीने अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने ओढली जातात, हे ज्याला ठाऊक आहे तो फ्लॅश लावणार नाही आणि वाटेत पाय रोवून उभाही राहणार नाही. हे कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. चांगला फोटो मिळाला नाही तरी चालेल, पिल्लाला धक्का लागता कामा नये. ही शिस्त वयाच्या विसाव्या वर्षी अंगी बाणते, नाहीतर बाणत नाही.

ड्रोनचा हट्ट सध्या बाजूला ठेवावा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन कामासाठी उडवायचा तर लागतं. कुठे उडवता येतो आणि कुठे नाही, ते नकाशावर आधी पाहावं लागतं. किनाऱ्यावर आकाशातून घेतलेली दृश्यं आता सगळ्यांकडे आहेत. खलाश्याच्या हाताजवळ जाऊन घेतलेलं दृश्य फार थोड्यांकडे असतं, कारण तिथे जाऊ देणारा विश्वास लागतो.

सामग्री जुनी, वापरलेली, साधी घ्या. घेतली की तिची काळजी घेणं हे अर्धं काम. खारं वारं कॅमेऱ्याचे सांधे खातं आणि पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरते. समुद्रावरून आल्यावर ओलसर कापडाने पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. कपाटात, कपड्यांबरोबर कधीच नाही. चित्रणाच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. चांगल्या दर्जाचं एक तासाचं चित्रण सहज ४५ जीबी होतं, तेव्हा हार्ड डिस्कचा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

एक गोष्ट मला फार लागली, ती सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टसाठी फिल्म आणि फोटो केले. सगळं तोंडी ठरलेलं. अर्धे पैसे मिळाले, उरलेले मागून मागून तो थकला. वर्षभराने त्याचाच सूर्यास्ताचा फोटो त्याला महामार्गावरच्या फलकावर दिसला. तो माझ्यासमोर बसून रडला. कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन कुणी फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. उलट त्याने स्वतःहून काढलेल्या फोटोवर हक्क त्याचाच. म्हणून एक पानाचा का होईना, करार हवा: किती दिवस, किती रक्कम, निम्मी आगाऊ कधी, फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, कच्चं चित्रण कुणाचं. मराठीत लिहिलेला चालतो. मी त्या मुलाला हे वेळेत सांगायला हवं होतं, म्हणून आता प्रत्येकाला सांगतो.

आता मूळ मुद्दा. त्याच्यात हे काम करायची चिकाटी आहे का, हे मी किंवा तुम्ही बोलून ठरवू शकत नाही. ते एक फिल्म पुरी करून ठरतं. सुरू केलेल्या फिल्म प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतात, पुऱ्या झालेल्या फार कमी.

त्याच्याजवळ विषय आहे, आणि तो तुमच्या अंगणात आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोट खाडीत शाकारली जाते, इंजिन उघडतं, खलाशी गावी जातात, पडवीत जाळ्यांची डागडुजी चालते. मुंबईहून येणारा माणूस हर्णैचा लिलाव टिपून दुसऱ्या दिवशी परत जातो. बंदीचे ६१ दिवस एका घरात काय होतं, हातात पैसा नसताना बाई घर कसं चालवते, माणूस रोज पहाटे उठून समुद्राकडे का बघतो, हे फक्त त्या घरातल्याला दिसतं. हातातल्या मोबाइलवर सुरुवात होते. आवाजासाठी एक बरा माइक घेऊन द्या, तेवढा खर्च करा. दहा मिनिटांची फिल्म, नारळी पौर्णिमेपर्यंत पुरी. झाली तर कॅमेऱ्याचं बोलू, आणि तेव्हा पैशाची वाट मी तुमच्याबरोबर बसून शोधेन. नाही झाली, तर बीएस्सीचं तिसरं वर्ष समोर आहेच, काही गेलेलं नाही.

मात्र कॅमेरा लावण्याआधी त्याने बाबांना विचारलं पाहिजे. डॉक्युमेंटरी करणाऱ्याचा पहिला धडा तोच: ज्याचं आयुष्य दाखवायचं त्याची परवानगी. बाबा पहिल्यांदा नाही म्हणतील. तेव्हा त्याने मोबाइल खिशात ठेवावा आणि शेजारी बसून जाळं विणायला घ्यावं. दोन-चार दिवस. त्याला विणता येत नसेल तर बाबा शिकवतील, आणि शिकवायचं म्हणजे बोलावं लागेलच.

हे पत्र तुम्हाला मे संपायच्या आत मिळावं म्हणून घाईने लिहितोय. बोट वर ओढायच्या दिवशी हातभार लावायला चार माणसं लागतात. त्यात त्याला धाडा.