हर्क्युलिस पाठीमागून बघ

एनग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून छाप काढणं, शिकतोयस ना, मग सावलीसाठी नुसती आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणत बसू नकोस. आधी डच एनग्रेव्हर हेंड्रिक गोल्ट्झियसचा ‘फार्नेसे हर्क्युलिस’ बघ, हर्क्युलिसच्या प्राचीन पुतळ्यावरून केलेला छाप. 1590-91 मध्ये रोमला जाऊन त्याने पुतळ्याची रेखाटनं केली; छापाची प्रत बाहेर आली 1617 मध्ये, तो गेल्यावर. छापात पुतळा पाठमोरा आहे, म्हणून तर मागे लपवलेली सफरचंदं दिसतात. काय डोकं! पाठीच्या स्नायूवरची एकच रेघ भिंगाखाली धर: सुरुवातीला केसाएवढी बारीक, सावलीत शिरताना जाड, पुन्हा बारीक. ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) किती खोल जातो, त्यावर सगळा खेळ. आणि वळणावर मनगट मुरडू नकोस, तांब्याचा पत्रा फिरव. छापात खाली उभे राहून पुतळ्याकडे वर बघणारे ते दोघे सध्या सोडून दे, त्यांच्या नाकाडोळ्यांतच महिना जाईल.