बातमी-छायाचित्रांची पुस्तकं जमवायची तर सुरुवात कुठून करावी आणि त्यातून शिकावं कसं?

माझं ऐकाल तर सुरुवात होमाई व्यारावालांपासून करा. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, शिकल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्यांच्या फोटोंचं एखादं पुस्तक मिळालं तर सोडू नका. मग वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेची जुनी वार्षिकं शोधा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा रद्दीच्या दुकानात नशिबाने हाती लागतात. घेण्याआधी प्रत्येक पान उलटून बघा, कारण चांगले फोटो कुणीतरी कापून नेलेले असतात. आणि पावसाळ्यात जपा! गुळगुळीत पानं दमटपणाने एकमेकांना चिकटतात, सोडवताना छपाईच उचकटते.

शिकायचं म्हणजे एका बैठकीत एकच फोटो. फोटोखालच्या ओळी हाताने झाका, पाच मिनिटं नुसतं बघा, मग वाचा.

अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढलेला 1946 चा गांधीजींचा फोटो घ्या. सगळ्यांना वाटतं, गांधीजी सूत कातताहेत. नीट बघा, ते वाचताहेत! चरखा पुढे, मोठा, आणि ते त्याच्या मागे बसलेले. आता स्वतःला विचारा, कॅमेरा कुठे होता? उजेड कुठून येतोय? पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या ठेवून चरखा झाका. उरतो फक्त वाचत बसलेला एक वृद्ध माणूस. चौकटीत काय ठेवायचं हे मला या एका फोटोने जितकं शिकवलं, तितकं कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नाही.